सतरा नंबरची कड

१

मी कामाला आहे तिथं दिवसभर बर्फाच्या कडा काढतात. कुणाला सांगितलं की हसतं. हिंजवडीशेजारच्या माण गावच्या उन्हात वाढलेला माणूस, बर्फ पाहिला तो उसाच्या रसातला, आणि पगार घेतो दक्षिण ध्रुवाकडच्या हिमनद्या मोजायचा. आमचे वडील अर्जुनराव पाहुण्यांना अजूनही सांगतात की जयदीप मोजणी खात्यात आहे. त्यांचं फारसं चुकत नाही.

दर बारा दिवसांनी उपग्रह त्या बर्फावरून जातो आणि रडारनं चित्र घेतो. तिकडे अंधार असो की ढग, त्याला फरक पडत नाही. चित्र राखाडी असतं; बर्फ उजळ, पाणी काळं. प्रत्येक हिमनदीला एक चौकट ठरवून दिलेली आहे, दहा वर्षांपूर्वी आखलेली. बर्फ कधी त्या चौकटीच्याही मागे जाईल असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं. चौकटीच्या मागच्या बाजूनं सुरुवात करायची, तिथं सरळ रेघ असते. मग पुढं यायचं आणि बर्फ संपून समुद्र जिथं लागतो तिथून माउसनं एकेक बिंदू टाकत जायचं. कॉम्प्युटर ते बिंदू पिवळ्या रेघेनं जोडतो. शेवटी फिरून पहिल्या बिंदूवर आलं की रेघ बंद होते. बंद झाल्याशिवाय सेव्ह होत नाही. आतलं क्षेत्रफळ परदेशातल्या एका विद्यापीठाला जातं आणि बर्फ किती घटला ते तिथले लोक जगाला सांगतात.

एक नियम मात्र कडक. प्रत्येक चित्रावर दोघांनी, एकमेकांचं न बघता, आपापली रेघ काढायची. दोन्ही जुळल्या की कड मंजूर आणि कुलूपबंद. नाही जुळल्या तर मोनिका मॅडमकडे, म्हणजे आमच्या साहेबांकडे.

माझा जोडीदार बुद्धरत्न. वय सत्तावीस, नांदेडकडचा, थेरगावात डांगे चौकाजवळ बायकोसोबत भाड्यानं राहतो. कामाला चोख आणि बोलायला गरीब.

फेब्रुवारीत सतरा नंबरच्या हिमनदीचं तोंड फुटलं. चित्रात नुसती खिचडी होती. तुकडे कुठले, पाणी कुठलं, कळेना. नीट काढायला अर्धा दिवस गेला असता आणि संध्याकाळी आमच्या चुलतभावाची, अजिंक्यची हळद होती. मी मागच्या वेळची रेघ उचलली. जशीच्या तशी ठेवली तर पकडली जाते, म्हणून तिला चार बोटं आत सरकवलं. आमच्यात बांध असाच कोरतात, दर साली चार बोटं, शेजाऱ्याच्या डोळ्यात न येईल इतकं. मग माझे बिंदू बुद्धरत्नाला दिले.

तो बराच वेळ चित्राकडे बघत राहिला. म्हणाला, "भाऊ, हितं तर पाणी दिसायलंय."

"खिचडी आहे ती. खाली बर्फच आहे. मी बघितलंय सगळं."

मी काहीही बघितलं नव्हतं. त्यानं दोनचार बिंदू इकडेतिकडे केले आणि आपल्या नावानं रेघ दिली. बारा दिवसांनी पुन्हा तेच केलं, मग पुन्हा. खोटं एकदा अंगवळणी पडलं की त्यासारखं सोपं काम नाही.

२

एप्रिलच्या शेवटी ऑफिसात चालण्याची स्पर्धा निघाली. ज्यानं त्यानं आपल्या फोनमधली पावलं रोज एका यादीत भरायची.

पहिल्या आठवड्यापासून बुद्धरत्न सगळ्यांच्या वर. रोज चौदा हजार पावलं. हा माणूस कंपनीच्या बसनं येतो, नऊ ते सहा माझ्या शेजारी बसतो आणि बसनं जातो. पलीकडच्या टेबलावरचा ओम त्याची फार चेष्टा करायचा.

"राव, फोन काय कुत्र्याच्या गळ्यात बांधतोस का?"

बुद्धरत्न हसायचा. "जुना फोन हाय, भाऊ. बिघडला असंल."

मलाही तसंच वाटलं. पण एक दिवस तो फोन टेबलावर ठेवून समोसा खात होता आणि माझं सहज लक्ष गेलं. आकडा चालू होता. नऊ हजार चारशे दहा. अकरा. बारा. सावकाश, एकसारखा. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. पाय टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या डब्यातून गरम हवा येते तिथं टेकवलेले होते आणि अजिबात हलत नव्हते.

आमचं ऑफिस सहाव्या मजल्यावर आहे. काचा उघडत नाहीत, त्यांना निळी फिल्म लावलेली आहे, त्यामुळे बाहेरचं मे महिन्याचं ऊनही आत येईपर्यंत शिळं होतं. खाली राखाडी गालिचा. त्या दिवशी बुद्धरत्न चहाला उठला आणि गालिच्यावर त्याच्या मोज्यांचे ओले ठसे उमटले. बूट त्यानं टेबलाखाली काढून ठेवले होते, तेही आतून ओले होते.

"एसी गळतोय वाटतं," मी म्हणालो.

"असंल," तो म्हणाला. एसी आमच्या डोक्यावर नव्हता. तो समोरच्या भिंतीला होता, हे दोघांनाही माहीत होतं.

३

ठिपका मला चार मेच्या चित्रात दिसला.

सतरा नंबर उघडला, सवयीनं जुनी रेघ उचलून त्यावर ठेवली, आणि पश्चिमेच्या बाजूला रेघेवरच एक पांढरा ठिपका होता. चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर. त्यात माणूस दिसत नाही, बैलगाडी दिसत नाही, आमचं घरही जेमतेम दिसेल. तेव्हा ही रडारची चूक, नाहीतर बर्फाचा एखादा उभा सुळका. असे ठिपके आम्हाला रोज दिसतात. पण मी आधीचं चित्र काढून बघितलं. ठिपका त्यातही होता, मागच्या सरळ बाजूवर, माझ्या पहिल्या बिंदूच्या जवळ. मी अंतर मोजलं. रेघेच्या कडेकडेनं नव्वद किलोमीटर.

बारा दिवसांत नव्वद, म्हणजे दिवसाला साडेसात. साडेसात किलोमीटर म्हणजे अकरा हजार पावलं; त्यात घरची-ऑफिसची तीनेक हजार मिळवली की चौदा. हा हिशेब मी मुद्दाम केला नाही, डोक्यात आपोआप झाला, आणि झाल्याबरोबर मी तो झटकला. योगायोगाला काही तोटा नसतो. पाणी प्यायलो आणि येऊन चित्र मोठं केलं.

ठिपक्याच्या मागं एक अगदी बारीक फिकट माग होता. बर्फावर काही ओढत नेलं की उमटावा तसा. तो माग माझ्या रेघेवरून तंतोतंत आला होता. पश्चिमेला एका ठिकाणी माझ्या रेघेत एक दात आहे. फेब्रुवारीत तिथं चहा आला होता, कप घेताना माउस सरकला आणि एक बिंदू भलतीकडे पडला. मी तो दुरुस्त केला नाही. कोण बघणार होतं? त्या जागी बर्फावर काहीही नाही, ना भेग ना सुळका. सरळ निघून जावं अशी मोकळी जागा.

माग त्या दातात शिरून परत बाहेर आला होता.

मी स्क्रीन बंद केला. शेजारी बुद्धरत्न काम करत होता. त्याचा उजवा पाय किंचित थरथरत होता, लांबून चालून आलेल्या माणसाचा थरथरतो तसा.

४

सोळा मेच्या चित्रात ठिपका पश्चिमेची बाजू संपवून पुढच्या तोंडाजवळ आला होता. त्या दिवशी बुद्धरत्न कामावर आला नव्हता. संध्याकाळी मी थेरगावला गेलो.

दार त्याच्या बायकोनं, विजयश्रीनं उघडलं. सातवा महिना होता तिला. खोली लहान, वरच्या पत्र्यानं तापलेली, पंखा गरम वारा फेकत होता. बुद्धरत्न भिंतीला टेकून, पायावर दोन गोधड्या घेऊन बसला होता. मला बघून उठायला लागला.

"बस, बस. काय झालं?"

"काई न्हाई भाऊ. पाय दुखायलेत जरा."

विजयश्री आतून चहा घेऊन आली. तिला बोलायचं होतं, आणि नवऱ्यासमोर बोलावं की नाही याचा तिनं फार विचार केला नाही.

"दाखवा की त्यांना," ती म्हणाली. "न्हाई तर मी दाखवते." तिनं गोधडी बाजूला केली. डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी पडली होती. "डॉक्टर इचारायला लागले, तुमी चाकणला बर्फाच्या कारखान्यात हायेत का, कोल्ड स्टोरेजमधी हायेत का. थंडीनं बोटं मेलीत म्हने. आता मे महिन्यात ह्या पत्र्याखाली थंडी कुठून यावी? मी म्हनलं, ऑफिसात बसून काम हाय त्यायचं. डॉक्टर माझ्याकडंच बघाय लागले."

ती आत गेल्यावर मी खाली बसलो. एवढ्या जवळून त्याच्या अंगाचा गारवा लागत होता.

"बुद्धरत्न, तुला काय वाटतं?"

त्यानं गोधडी पुन्हा पायावर ओढली. मग म्हणाला, "भाऊ, मी हितंच असतोय. हिच्याशी बोलतोय, जेवतोय. पर पाय चालायलेत. तळव्याला कळतं की खाली काय हाय. भुसभुशीत हाय का टणक हाय, तेवढंच. दिसत काईच न्हाई."

"थांबवून बघितलंस?"

"पाय माझे असते तर थांबवले असते की."

हे त्यानं तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. तेच मला सहन झालं नाही. मी चहा तसाच ठेवून उठलो.

५

घरी आईनं ताट वाढलं. आमची आई, शालनबाई, हिंजवडीच्या आयटी पार्कच्या सगळ्या फेज होण्याआधीची माणकरीण. मी तिला नाव न घेता अर्धवटच सांगितलं, की मी कागदावर एक खोटी हद्द काढली आणि दुसऱ्यानं माझ्या शब्दावर सही केली.

"मंग चालनार कोन?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"पूर्वी दोन गावांची शीव भांडली का डोक्यावर शिवंची माती घिऊन चालायला लागायचं. जिथनं चालला ती शीव. खोटं चालला तर त्याचं पाय काय घरला येत न्हवतं, असं म्हातारी मानसं म्हनायची."

"म्हणजे खोटं बोलणाऱ्या पाटलाला शिक्षा व्हायची."

आई हसली, पण त्यात मौज नव्हती. "पाटील कशाला चालतोय? पाटील घरात. चालायला गावकीचा मानूस लावायचं. पाटील सांगंल तिथनं त्यो चालनार. त्याला न्हाई म्हनायची सोय हुती व्हय?"

तो माणूस कुठल्या आळीचा ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि आईलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तीन महिन्यांत जे केलं नव्हतं ते केलं. सतरा नंबरचं चित्र रेघ न ठेवता, नीट डोळे उघडून बघितलं. बर्फाचं तोंड माझ्या रेघेच्या कितीतरी मागे गेलं होतं. पश्चिमेकडे बर्फाचा एक लांबट सुळा पुढं आलेला होता, पूर्वेकडे तसाच एक होता, आणि दोन्हींच्या मधे माझी रेघ सत्तर किलोमीटर काळ्या पाण्यावरून जात होती. पाणी पहिल्यापासून तिथंच होतं. बुद्धरत्नानं मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

ठिपका पश्चिमेच्या सुळ्यावर होता, टोकाच्या अलीकडे. पुढं पाणी. मला एवढंच करायचं होतं की तो टोकाला पोचायच्या आत रेघ खऱ्या बर्फावर वळवायची. पण मंजूर झालेली कड कुलूपबंद असते. ते कुलूप फक्त मॅडमकडे उघडतं.

६

मी मॅडमना सांगायला आठ दिवस लावले. सात दिवस मी स्वतःला वेड्यात काढत होतो. ठिपका म्हणजे माणूस नव्हे, बोटं काळी पडणं म्हणजे मधुमेह, आणि कबूल केलं तर दोघांच्याही नोकऱ्या जातील, त्यात त्याची बायको पोटुशी. कारणं शोधायला मला कधीच कष्ट पडत नाहीत. आठव्या दिवशी मीच जाणार होतो, तेवढ्यात त्यांनीच बोलावलं.

"विद्यापीठाची मेल आलीय," मॅडम म्हणाल्या. "आजूबाजूच्या सगळ्या हिमनद्या मागे गेल्या, सतराच का नाही, असं विचारतायत. जयदीप, तुम्ही रेघ उचलून ठेवलीय का?"

"हो."

"आणि बुद्धरत्न?"

"त्याची चूक नाही. त्यानं पाणी दाखवलं होतं. मी गप्प केलं त्याला."

त्यांनी कीबोर्ड पुढं ओढला. "बरं झालं कबूल केलंत. कुलूप काढते. आत्ताच दुरुस्त करा. आणि सतरावर जुनी रेघ उचलायची सोय मी बंद करतेय. यापुढं हातानं."

मी धावतच जागेवर आलो. बुद्धरत्न कामावर आला होता. घरी बसवत नाही, म्हणाला, इथं निदान डब्याच्या गरम हवेनं पाय एवढे गार पडत नाहीत. तो बाटली भरायला उठून मधल्या वाटेनं चालला होता. मी सतरा नंबर उघडला. पहिला जो बिंदू पाण्यावर होता तो पकडला आणि मागे, खऱ्या बर्फावर ओढला.

पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा बुद्धरत्न गेला. बाटली लांब गडगडली. आवाज मोठा झाला नाही. दोन्ही हात टेबलाच्या कडेला, तोंड उघडं, आणि छातीतून हिवाळ्यात नदीत उडी मारल्यावर निघतो तसा तुटका श्वास. मी उभा राहून पाहिलं. टेबलाच्या आडोशामुळे मला त्याचा एकच पाय दिसला, गुडघ्यापर्यंत. गुडघ्याच्या खाली गालिचा होता.

मी उलटं फिरवायचं बटण दाबलं. बिंदू पुन्हा पाण्यावर गेला.

ओम आणि आणखी एकानं त्याला उठवलं. मांडीपर्यंत पँट ओलीगच्च. गालिचा कोरडा होता. "बाटली सांडली," ओम सगळ्यांना सांगत होता. बाटली रिकामीच गेली होती.

मी आकडेमोड केली. सोळा तारखेला तो टोकाच्या अलीकडे होता, त्यानंतर आठ दिवस, साठ किलोमीटर. मी आठ दिवस कारणं शोधत बसलो तेवढ्यात तो पाण्यावर पुष्कळ आत गेला होता. त्याच्या खाली बर्फ नव्हता. माझी रेघ होती, तेवढीच. ती काढली की संपलं.

बुद्धरत्न टॉवेल गुंडाळून शेजारी येऊन बसला. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"भाऊ, तुमी आत्ता काय केलं?"

मी सांगितलं, सगळं. ठिपका, माग, दात, पाणी.

"अजून किती पानी हाय?" त्यानं विचारलं.

"वीसेक किलोमीटर. मग पूर्वेचा बर्फ लागेल. एकदा तू त्यावर चढलास की मी रेघ आत घेतो आणि तुला घरी आणतो."

"तीन दिवस," तो म्हणाला. "मंग तीन दिवस ह्या रेघंला कोनाला हात लावू देऊ नका."

मॅडमना मी म्हणालो की नवीन चित्र अठ्ठावीसला येतंय, जुन्या-नव्या दोन्ही चित्रांची दुरुस्ती एकदमच करतो. त्या कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या. ते चार दिवस मी सतरा नंबर उघडा ठेवून बसलो. जेवायला उठलो नाही. बुद्धरत्न रोज तळव्यांना काय लागतंय ते मला सांगायचा. काही लागत नाही, म्हणायचा. नुसतं कशावर तरी पाय ठरतोय. तिसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, टणक लागलं का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. चौथ्या दिवशीही तशीच हलवली.

७

अठ्ठावीसचं चित्र सकाळी अकराला आलं.

मला आधी वाटलं की ते अर्धवट उघडलंय. सगळी चौकट काळी होती. मी थांबलो. पुन्हा उघडलं. काळीच. पूर्वेचा सुळा नव्हता, पश्चिमेचा नव्हता, मागची सरळ पट्टी नव्हती. बारा दिवसांत तो अख्खा बर्फ तुटून निघून गेला होता. चौकटीच्या मागच्या कडेला, अगदी शेवटच्या ओळीत, कुठं कुठं राखाडी चकाकत होतं. म्हणजे बर्फ होता, पण चौकटीच्या बाहेर.

मधोमध एक पांढरा ठिपका होता. त्याच्या खाली रेघ नव्हती, कारण चित्र नवीन होतं आणि जुनी रेघ उचलायची सोय आता नव्हती.

कॉम्प्युटरनं नेहमीचा प्रश्न विचारला: चौकटीत कड आहे का? आहे. नाही.

मी मान वर केली. बुद्धरत्न मधल्या वाटेत उभा होता. चालता चालता थांबला होता. त्याचा डावा पाय उचललेला होता आणि तो पाय त्यानं खाली टेकवला नव्हता. दोन्ही हात जरा बाजूला, तोल सांभाळायला. तो जमिनीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी "आहे" दाबलं. ठिपक्याच्या पुढं, काळ्या पाण्यावर, एक बिंदू टाकला.

त्यानं पाय टेकला. मग दुसरा उचलला.

मी दुसरा बिंदू टाकला. मग तिसरा. रेघ मागच्या कडेकडे न्यायची, त्या राखाडी चकाकीकडे, एवढंच डोक्यात होतं. बिंदू जवळ जवळ टाकत गेलो, लांब टाकला की त्याचा पाय अधांतरी थांबायचा आणि चेहरा बदलायचा. बर्फावर चढला असता तो. आठ दहा ठिपक्यांचं अंतर उरलं होतं. माउस चौकटीच्या कडेला गेला आणि तिथं अडला. पलीकडे बिंदू पडत नाही. चौकट दहा वर्षांपूर्वी कुणीतरी आखली आहे आणि ती हलवायचा अधिकार आमच्या इमारतीत कुणालाच नाही. मी दहा वेळा दाबलं. बर्फ समोर दिसत होता.

मागं बुद्धरत्नाचा पाय हवेत होता. मी रेघ वळवली आणि कडेकडेनं घेतली. तो मधल्या वाटेच्या टोकाला वळला आणि भिंतीच्या कडेनं चालू लागला.

दुपारी मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चौकट बघितली, त्यात पिवळ्या रेघेचे एकात एक फेरे बघितले.

"जयदीप," त्या हळूच म्हणाल्या, "इथं काही नाहीये. 'नाही' दाबा आणि घरी जा. मी रागावले नाहीये."

"आहे," मी म्हणालो. "थोडं राहिलंय."

"मग पहिल्या बिंदूवर येऊन बंद तरी करा."

"बंद केलं की पुढं बिंदू टाकता येत नाही, मॅडम."

त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेल्या. सहाला बसचा भोंगा झाला, टेबलं रिकामी झाली, ओम जाताना हात करून गेला. ऊन अजून होतं. निळ्या काचेतून ते गालिच्यावर पडलं होतं आणि बुद्धरत्न त्यातून फेऱ्यामागून फेरा चालत होता. टेबलावर त्याचा फोन दोनदा वाजला. विजयश्रीचं नाव आलं आणि गेलं. माझा डावा हात मोकळा होता, पण मी उचलला नाही. काय सांगणार होतो?

माझं मनगट दुपारीच धरलं होतं. आता बोटं आखडायला लागली होती आणि एकदोन बिंदू उशिरा पडले. त्याच्या ते लक्षात आलं असावं. माझ्या टेबलाजवळून जाताना तो म्हणाला, "जयदीपभाऊ, हात लई दुखायला लागला की सांगा बरं का."

"सांगितलं तर काय करशील?"

तो पुढं निघून गेला. पुढच्या फेऱ्याला जवळ आला तेव्हा त्यानं उत्तर दिलं. आवाजात राग नव्हता, अडचण होऊ नये एवढीच काळजी होती.

"काई न्हाई," तो म्हणाला. "मी डोळे झाकून घेईन."

मी पुढचा बिंदू टाकला.